जोडीने स्वयंपाक करताना भीड कशी चेपते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न झालं तेव्हा मला अंडी उकडता यायची, त्यापलीकडे काही नाही. नवऱ्याचा हात मात्र सराईत. आज मी घरी एकटी असले तरी चार जणांचं जेवण निवांतपणे करते. मधल्या काळात मी जिथे जिथे अडखळले ते प्रश्न, आणि नंतर ओळखीच्या जोडप्यांनी मला विचारलेले काही, असे इथे एकत्र केले आहेत. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याच्यासाठी हे लिहिलंय. पण ज्याला येतो त्यानेही वाचावं अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण निम्मी गोष्ट त्याच्या हातात असते.

मला काहीच येत नाही. पहिला पदार्थ कोणता निवडू?

तुम्ही दोघं आठवड्यातून एकदा तरी खाताच, असा एखादा. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, खटाटोपाचा पदार्थ नको. तो महिन्या-दोन महिन्यांनी एकदा होतो आणि तोवर हात सगळं विसरलेला असतो. एकाच भांड्यात होणारा, मध्ये चव घेता येणारा आणि चुकला तर सावरता येणारा पदार्थ घ्या: भाज्यांचं सूप, बटाट्याचा रस्सा, कांदा-टोमॅटो घातलेली अंडी. केक किंवा पाव यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. ते एकदा भट्टीत गेले की आपल्याला काही करता येत नाही, आणि नवशिक्याला नेमकी मध्येच काहीतरी करता येण्याची मुभा हवी असते.

निवडलेला पदार्थ मग सलग पाच-सहा वेळा करा, दर वेळी तोच. पहिल्या खेपेला सगळं लक्ष कृतीकडे असतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे रंग, वास, आवाज यांच्याकडे जातं, आणि खरं शिकणं तिथून सुरू होतं.

आम्ही रोज बरोबर स्वयंपाक करतो, पण माझ्या वाट्याला फक्त चिराचिरी येते. तरी आत्मविश्वास का वाढत नाही?

कारण चिरणं ही मदत झाली, स्वयंपाक नव्हे. मी स्वतः सात-आठ महिने नुसतं चिरत होते. कांदे बारीक व्हायला लागले, हात भराभर चालायला लागला, पण गॅससमोर एकटी उभी राहिले की पोटात गोळा यायचा तो यायचाच. आच कधी कमी करायची, पाणी कधी घालायचं, झालं असं कधी म्हणायचं, हे सगळे निर्णय त्याचे होते. आणि भीती तर निर्णयांचीच असते.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये, 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः काही पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, कोणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर-मन किती शांत आहे ते. यातला सगळ्यात बळकट उगम पहिला. जोडीदार शेजारी असला की उरलेले तीन आपोआप मिळतात. पहिला मात्र तो देऊ शकत नाही. त्यासाठी त्याला बाजूलाच व्हावं लागतं.

आमच्याकडे हे एका संध्याकाळी घडलं. कढईत कांदा पडला आणि नवऱ्याने उलथणं माझ्या हातात दिलं. स्वतः चिरायच्या फळीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहून गाजरं कापायला लागला. मी विचारलं, "किती वेळ परतू?" तो म्हणाला, "ऐक आणि सांग." मला आधी काही कळेना. मग कळलं की तेलात पडल्या पडल्या ओला कांदा मोठ्याने चुरचुरतो, कारण त्याच्यातलं पाणी वाफ होऊन निघत असतं. हळूहळू तो आवाज खाली येतो. फोडी पारदर्शक होतात, त्यांच्या कडा वळायला लागतात, आणि पाणी जवळजवळ संपलं की बारीक तडतड उरते. कडेने पिवळसर, मग सोनेरी रंग त्यानंतरच चढतो. मी म्हटलं, "आवाज बदलला." तो वळलासुद्धा नाही, "मग पुढचं घाल" एवढंच म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं होतं.

म्हणून कामं अदलाबदल करून घ्या. ज्याला येतं त्याने चिरावं आणि ज्याला येत नाही त्याने गॅससमोर उभं राहावं.

मला स्वयंपाक येतो. बायको (किंवा नवरा) चुकतेय हे दिसत असताना गप्प कसं राहायचं?

अवघड आहे, मान्य आहे. हात शिवशिवतात. तरी मध्ये पडायचं ते तीनच वेळा: कुणाला इजा होणार असेल तर, अन्न खाण्याजोगं राहणार नसेल तर, आणि पदार्थ करपून वायाच जाणार असेल तर. बाकी सगळं होऊ द्या. फोडी लहान-मोठ्या झाल्या, टोमॅटो थोडे आधी पडले, रस्सा पातळ झाला, यातून कुणाचं काही बिघडत नाही.

बोलायचंच असेल तर हुकूम देण्याऐवजी विचारा. "आच कमी कर" म्हटलं की आच कमी होते आणि गोष्ट तिथेच संपते. "तळाशी कसा वास येतोय बघ जरा" म्हटलं तर समोरची व्यक्ती वाकून वास घेते, स्वतः ताडते आणि स्वतः आच कमी करते. पुढच्या वेळी तुम्ही नसलात तरी ती वास घेईल.

'स्कॅफोल्डिंग' हा शब्द शिक्षणाच्या संदर्भात १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस या तिघा संशोधकांनी वापरला. इमारत बांधताना भोवती परांची उभारतात ना, तेच रूपक. परांची आधार देते, पण भिंत उभी राहील तशी ती उतरवायची असते. जाणत्या जोडीदाराने आठवड्या-आठवड्याला स्वतःला विचारावं: या वेळी मी कोणती फळी काढली? पहिल्या वेळी शेजारी उभे राहा, दुसऱ्या वेळी खुर्चीवर बसा, तिसऱ्या वेळी दुसऱ्या खोलीत जा.

आणखी एक. "अगं, सोपं तर आहे" हे वाक्य कृपा करून वापरू नका. सोपं असूनही जमलं नाही, तर माणूस दोष स्वतःकडेच घेतो. त्यापेक्षा "मलाही हे चार वेळा फसल्यावर जमलं" असं म्हणा. खरं असेल तरच म्हणा, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं.

कौतुकही नेमकं हवं. "छान झालंय" हे सगळेच म्हणतात. "आज बटाटा शिजला, पण मोडला नाही" हे ऐकलं की आपण काय बरोबर केलं ते कळतं.

सुरीची भीती वाटते. काय करू?

धार तपासा. बोथट सुरी जास्त धोक्याची असते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली तर धार ठीक आहे असं समजा.

फळीखाली ओलं फडकं पिळून पसरा, म्हणजे फळी सरकणार नाही. जो जिन्नस चिरायचा त्याचे आधी दोन भाग करा आणि सपाट बाजू फळीवर ठेवा. गोल वस्तू गडगडते, सपाट गडगडत नाही. ज्या हाताने धरायचं त्याची बोटं आत वळवा, नखं स्वतःकडे घ्या आणि अंगठा बोटांच्या मागे ठेवा. सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून वर-खाली होतं, त्यामुळे बोटांची टोकं त्याच्या वाटेत येत नाहीत. पहिले काही दिवस हे फार अवघडल्यासारखं वाटतं. हात बसेपर्यंत सावकाश चिरा. वेग आपोआप येतो, त्याच्या मागे लागू नका.

दोघं जण ओट्याशी असाल तर सुरी हातात घेऊन वळायचं नाही. कुणाच्या मागून जायचं असेल तर "मागून येतेय" असं मोठ्याने म्हणायचं. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरातही हाच शिरस्ता असतो.

गॅस आणि गरम तेलाजवळ जायलाच भीती वाटते.

ही भीती घालवायची असेल तर वाईटात वाईट काय होऊ शकतं आणि तेव्हा काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. आम्ही दोघांनी एका दुपारी गॅस बंद ठेवून याची चक्क तालीम केली होती.

तेलाने पेट घेतला तर: हात सुरक्षितपणे पोचत असेल तर गॅस बंद करा, भांड्यावर धातूचं झाकण बाजूने सरकवत ठेवा आणि भांडं पुरतं गार होईपर्यंत झाकण उघडू नका. भांडं उचलून पळू नका. पाणी तर कधीच ओतू नका. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. जळतं तेल मग भांड्याबाहेर उसळतं. आग आवाक्याबाहेर जातेय असं वाटलं तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

भाजलं तर: भाजलेला भाग नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. अंगठी, बांगडी सूज यायच्या आधी काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-लोणी नको. भाजलेला भाग तळहाताएवढा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा मोठे फोड आले असतील, तर डॉक्टरांकडे जा.

रोजच्या उडणाऱ्या तेलावर साधा उपाय आहे. जिन्नस नीट कोरडा करा आणि उंचावरून टाकू नका, तेलाच्या अगदी जवळ नेऊन, स्वतःपासून लांबच्या दिशेने सोडा. तेल उडतं ते पाण्यामुळे. घाबरून लांबून टाकलं की जास्त उडतं.

तो म्हणतो, "मीठ अंदाजाने घाल." अंदाज म्हणजे किती?

अंदाज म्हणजे वर्षानुवर्षं मोजून शेवटी मोजणं सोडलेलं माप. ज्याच्याकडे ते नाही त्याने चमचा वापरावा, यात कमीपणा काहीच नाही. ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम मावतं. एक लिटर सुपाला तेवढ्यावर सुरुवात करा आणि मग चव घ्या.

अंदाज कमवायचा असेल तर हा प्रयोग दोघांनी मिळून करा. एका वाडग्यात बिनमिठाचं गरम सूप घ्या. चिमूटभर मीठ घाला, ढवळा, दोघांनी चाखा. पुन्हा चिमूट, पुन्हा चाखा. आधी चव पाणचट लागते. मग अचानक एका टप्प्यावर गाजराचा गोडवा आणि टोमॅटोचा आंबटपणा वेगळे कळायला लागतात. त्यानंतर दोन चिमटींतच मीठ पुढे येतं आणि बाकी सगळं मागे पडतं. ही जागा जिभेने एकदा ओळखली की कायमची लक्षात राहते. दोघांच्या जिभा वेगळ्या टप्प्यावर थांबल्या तरी हरकत नाही. आमच्या थांबतात. कमी मिठाच्या टप्प्यावर थांबायचं आणि ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यायचं, असा आमचा नियम आहे.

पदार्थ आटणार असेल तर मीठ शेवटी बेताचं करा. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं.

त्याच्या हातच्या भाज्या खमंग, आणि माझ्या मऊ, गिळगिळीत. असं का?

हाताचा गुण वगैरे काही नसतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कढईत गर्दी. भाजीवर खमंग तपकिरी रंग चढतो त्याला माईयार प्रक्रिया म्हणतात. लुई-कामीय माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ती जोमाने व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतं, आणि कढईत पाणी आहे तोवर भाजी त्या आसपासच अडकून राहते. एकदम सगळी भाजी ओतली की तिचं पाणी सुटतं, त्याला उडून जायला जागा उरत नाही आणि भाजी परतली जाण्याऐवजी वाफेवर शिजते.

भाजी पुसून घ्या, कढई आधी तापू द्या, दोन हप्त्यांत परता, आणि टाकल्यावर लगेच ढवळू नका. मिनिटभर तशीच राहू द्या. नवशिक्याचं उलथणं सतत फिरत असतं. हातात काहीतरी केल्यासारखं वाटतं म्हणून मीही तेच करायचे. थांबता येणं हेसुद्धा कौशल्यच आहे.

कृतीत लिहिलेल्या वेळांवरही फार विसंबू नका. "कांदा पाच मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता" असं कुठे लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. पाच मिनिटांत कांदा नुसता मऊ होतो. मध्यम आचेवर सोनेरी व्हायला १५-२० मिनिटं लागतात, आणि मंद आचेवर गडद, गोड व्हायला ४० मिनिटांच्या वर.

पदार्थ फसला तर?

तर दोघांनी मिळून सावरायचा. मला तर वाटतं, सावरायला शिकवणं हीच जोडीदाराने देण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ज्याला सावरता येतं त्याला चुकायची भीती राहत नाही.

खारट झालं तर प्रमाण वाढवा: पाणी, बिनमिठाची भाजी, शिजवलेला भात, जे त्या पदार्थाला चालेल ते. कच्चा बटाटा टाकल्याने मीठ शोषलं जातं असं सगळीकडे सांगतात. पण बटाटा त्यातलं खारट पाणी शोषतो, उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. आंबट झालं तर चिमूटभर साखर. तिखट झालं तर दूध, दही, साय किंवा लोणी, कारण मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. तळाला लागलं तर ढवळू नका आणि खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि चव बघा. नुकतंच लागलं असेल तर वाचतं. करपट चव सगळीकडे पसरली असेल तर मात्र सोडून द्या, मसाले घालून ती झाकली जात नाही.

आमच्याकडे एकदा अख्खं भांडं टाकून द्यावं लागलं. माझे डोळे भरून आले होते. नवऱ्याने समजूत घातली नाही की काही नाही, दोन अंडी काढली आणि म्हणाला, "चल, कांदा तू चिर." वीस मिनिटांत आम्ही जेवत होतो. त्या वीस मिनिटांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या बोलण्याने दिला नसता.

आत शिजलंय की नाही हे कळत नाही. कुणाला बाधलं तर?

इथे धीटपणा कामाचा नाही, तापमापी कामाची. अन्नात खुपसायची तापमापी घ्या. कोंबडीच्या मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश सेल्सिअस दिसलं की निश्चिंत व्हा. कच्चं मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. त्याची फळी आणि सुरी वेगळी ठेवा.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आणि फ्रिजचं तापमान ४ अंशांपेक्षा जास्त नको. भाताबाबत खास जपा. त्यातल्या बॅसिलस सिरियस जिवाणूचे बीजाणू उकळूनही टिकतात. भात बाहेर राहिला तर ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही.

बरोबर स्वयंपाक केला की आमचं भांडण होतं.

भुकेल्या पोटी शिकवणी नको. आधी थोडं काहीतरी खा, आणि शिकायचा दिवस सुट्टीचा ठेवा. कामावरून दमून आलेल्या संध्याकाळी ज्याला येतं त्याने पटकन करावं, त्यात काही चूक नाही.

आणि आज गॅस कुणाचा, हे आधी ठरवा. ज्याचा गॅस त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याला पटलं नाही तरी ते जेवण झाल्यावर बोलायचं, करताना नाही. आमची निम्मी भांडणं या एका नियमाने मिटली. उरलेली निम्मी भांड्यांवरून होती. ती करता करताच घासून टाकल्याने मिटली.

ओटा लहान आहे, दोघं मावत नाहीत.

एकाने टेबलावर बसून निवडावं, सोलावं, चिरावं. एकाच वेळी दोघांनी गॅससमोर असण्याची गरजच नाही.

दोघांनाही येत नसेल तर?

मग तर फारच छान, कुणी कुणाचा गुरू नाही. कृती एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने करायची, आणि पुढच्या वेळी उलट. गॅस पेटवण्याआधी कृती शेवटपर्यंत वाचा आणि सगळे जिन्नस चिरून, मोजून वाट्यांमध्ये मांडून ठेवा. धांदल बहुतेक वेळा इथेच टळते.

माझं वय आता चाळिशीला आलंय. उशीर झाला का?

अमेरिकेला घरचा फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचा जन्म १९१२ चा, लग्न १९४६ चं. खाण्याचा शौक नवऱ्याला होता, त्यांना स्वतःला तेव्हा फारसं काही करता येत नव्हतं. पॅरिसच्या ल कॉर्दाँ ब्लू या पाकशाळेत त्या १९४९ मध्ये दाखल झाल्या, वयाच्या ३७ व्या वर्षी. नाही, उशीर झालेला नाही.

आता आपल्याला जमतं, हे कसं ओळखायचं?

मला ते एका ओल्या संध्याकाळी कळलं. नवऱ्याला यायला उशीर होणार होता. फ्रिजमध्ये अर्धा कोबी, दोन गाजरं, आदल्या रात्रीचा भात आणि चार अंडी होती. पूर्वी मी फोन करून विचारलं असतं. त्या दिवशी विचारायचं सुचलंच नाही. कोबी चिरला, कढई तापू दिली, दोन हप्त्यांत परतला, भात घालून वाफा येईपर्यंत गरम केला, शेवटी अंडी फोडली. तो आला, हात धुतले, झाकण उचलून वाकून वास घेतला आणि म्हणाला, "यात काय घातलंस?" तोवर आमच्या घरात हा प्रश्न फक्त मी विचारायचे.